प्रश्न विचारणारा मुलगा, उत्तरे देणारा गुरू : मायकेल फॅरडे



स्मरणिका हाती पडली की आपण आधी कोणती पाने उघडता, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे! ती जरूर पाहा. ती पाहून झाली की हा लेख वाचा. शक्य असेल तर घरात सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचा, कारण तो जेवढा मुलांसाठी आहे तेवढाच पालकांसाठीही आहे.

वर्गात मुले नाना प्रश्न विचारतात. सायकल थांबली की डायनॅमोचा दिवा का विझतो? डीपीमध्ये एका बाजूची तार दुसऱ्या बाजूच्या तारेला चिकटलेली नसते म्हणतात, मग वीज पलीकडे जाते कशी? पंखा फिरतो म्हणजे नेमके काय होते? मी कला शाखेचा पदवीधर, मराठी आणि इतिहास शिकवणारा. तरीही मुले हे प्रश्न माझ्यापुढे आणतात आणि मला त्याचा आनंद वाटतो. या बहुतेक प्रश्नांची उत्तरे शोधत मागे मागे गेले, की आपण एकाच माणसाच्या दारात येऊन उभे राहतो. तो माणूस कधी महाविद्यालयात गेला नव्हता. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. भाता आणि ऐरण हेच त्यांचे धन. पण प्रकृतीने साथ दिली नाही, त्यामुळे कामात खाडे पडत. चार मुले आणि अनिश्चित मिळकत. पुढे घोडागाडीच्या तबेल्यावरच्या खोल्यांत हे कुटुंब राहू लागले. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा छोट्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला आठ दिवस पुरवावा लागे. शाळेत तो लिहिणे, वाचणे आणि थोडे हिशेब एवढेच शिकला. तेराव्या वर्षी शाळा संपली.

पालकहो, हे चित्र आपल्याला परके वाटते काय? आपल्या वस्तीतही आठवीनंतर मुलगा गॅरेजमध्ये जातो, वायरमनच्या हाताखाली जातो, बेकरीत जातो. घरची गरज असते, त्यात आईबापांचा दोष नसतो. म्हणून मायकेलचे पुढे काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे.

१८०४ साली जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो पोऱ्या म्हणून लागला. घरोघरी वर्तमानपत्रे पोचवायची आणि परत आणायची, हे त्याचे काम. मुलगा प्रामाणिक आहे हे पाहून मालकाने वर्षभराने त्याला जिल्दसाजीच्या उमेदवारीत घेतले. अशा उमेदवारीसाठी त्या काळी बापाला पैसे मोजावे लागत. रिबोने ते घेतले नाहीत. सात वर्षांचा करार झाला.

जिल्द बांधायला येणारी पुस्तके मायकेल वाचूही लागला. मालकाने त्याला अडवले नाही. एका विश्वकोशाच्या खंडात विजेवरचा लेख त्याच्या हाती लागला आणि त्या विषयाने त्याला झपाटून टाकले. दुसरे पुस्तक होते जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील संवादांचे. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील प्रश्नोत्तरांच्या रूपात ते लिहिले आहे. मुली शंका विचारतात, शिक्षिका उत्तर देते आणि प्रयोग करून दाखवते. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर लेखिकेचे नावसुद्धा नव्हते. मायकेलने मात्र त्यातले जेवढे प्रयोग आपल्या चार पैशांत बसतील, तेवढे स्वतः करून पाहिले आणि पुस्तकात लिहिले आहे ते खरे ठरते, याची खात्री करून घेतली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ते या बाईंना आपली पहिली गुरू मानीत आणि आपले शोधनिबंध त्यांना आदराने पाठवीत.

मुलींच्या पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. विजेच्या युगाचा पाया घालणारा शास्त्रज्ञ घडला, तो एका स्त्रीने लिहिलेल्या पुस्तकातून. आणि त्या पुस्तकात प्रश्न विचारणाऱ्या दोघीही मुलीच आहेत. विज्ञान हा मुलींचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे आहे.

१८१० साली जॉन टॅटम नावाचे गृहस्थ लंडनमध्ये विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग शुल्क होते. उमेदवाराजवळ शिलिंग कुठून असणार? थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांचाच धंदा करीत होता. त्याने आपल्या कमाईतून धाकट्याला ते पैसे दिले. त्याच वर्षी वडील वारले, तरीही भावाने हात आखडता घेतला नाही. मायकेलने त्या व्याख्यानांची टिपणे काढली आणि स्वतः जिल्द बांधून त्यांचे खंड केले. तिथे येणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. ते एकमेकांना शंका विचारीत आणि आळीपाळीने व्याख्याने देत. मायकेलने अभ्यासासाठी पत्रव्यवहारही सुरू केला. बेंजामिन ॲबट या मित्राला तो लांबलचक पत्रे लिही. लिहिताना विचार स्वच्छ होतात आणि भाषा सुधारते, हे त्याने ओळखले होते.

१८१२ साली दुकानातील डान्स नावाच्या ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते हंफ्री डेव्ही, त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ. चार व्याख्याने ऐकून मायकेलने टिपणे तयार केली, आकृत्या काढल्या आणि त्यांचे तीनशेहून अधिक पानांचे देखणे पुस्तक बांधले. विज्ञानाच्या सेवेत कसलेही काम मिळावे, म्हणून आधी त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्या पत्राला उत्तरच आले नाही. मग डिसेंबरात त्याने डेव्हींना पत्र आणि ते पुस्तक पाठवले. डेव्हींनी उत्तर दिले, भेटीला बोलावले आणि जागा रिकामी होताच १ मार्च १८१३ रोजी त्याला प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतले. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि इमारतीच्या माथ्यावर दोन खोल्या.

हिशेब करून पाहा. मालकाने पुस्तक वाचू दिले, भावाने शिलिंग दिला, ग्राहकाने तिकीट दिले, डेव्हींनी पत्राला उत्तर दिले. यांपैकी एकानेही तोंड फिरवले असते, तर मायकेल जन्मभर जिल्दसाज राहिला असता. जिल्दसाजी वाईट नव्हे, हातच्या कामाला कमीपणा नाही. उलट हाताला लागलेली सफाई त्यांना प्रयोगात जन्मभर उपयोगी पडली. पण जगाचे केवढे नुकसान झाले असते!

नोकरी लागली म्हणजे सुख लागले असे झाले नाही. १८१३ ते १८१५ डेव्हींबरोबर युरोपचा प्रवास घडला. पॅरिसमध्ये अँपिअर आणि मिलानमध्ये व्होल्टा हे थोर शास्त्रज्ञ पाहायला मिळाले. परंतु याच प्रवासात डेव्हींची पत्नी त्यांना नोकरासारखे वागवी आणि नोकरांच्या पंगतीला बसवी. फॅरडे यांनी अपमान गिळला आणि शिकणे सोडले नाही. १८२४ साली त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तेव्हा खुद्द डेव्हींनी त्यांना विरोध केला होता. तरीही आपल्या गुरूबद्दल ते अखेरपर्यंत कृतज्ञतेनेच बोलत राहिले.

आता आपण मुलांच्या प्रश्नांकडे वळू.

पहिला प्रश्न पंख्याचा. विजेची तार जवळ आणली की चुंबकसूची हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखवले. पुढच्याच वर्षी फॅरडे यांनी एका भांड्यात पारा घेतला, त्यात चुंबक उभा केला आणि वरून एक तार अशी लोंबती सोडली, की तिचे टोक पाऱ्यात बुडावे. बॅटरी जोडताच ती तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. विजेपासून अखंड फिरणारी गती प्रथमच मिळाली. आपल्या छताचा पंखा, पिठाची गिरणी आणि विहिरीवरचा पंप हे त्या फिरणाऱ्या तारेचेच नातेवाईक आहेत.

दुसरा प्रश्न डीपीचा. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न फॅरडे यांच्या मनात अनेक वर्षे घर करून होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेटोळे गुंडाळले आणि दुसऱ्या बाजूला वेगळे वेटोळे गुंडाळले. दोन्हींचा एकमेकांशी स्पर्श नव्हता. पहिले वेटोळे बॅटरीला जोडले त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्याजवळची सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी तोडली, तेव्हा ती पुन्हा हलली. मध्ये प्रवाह सुखाने वाहत होता, तेव्हा मात्र ती ढिम्म होती. याचा अर्थ असा, की नुसत्या चुंबकत्वाने वीज निर्माण होत नाही. चुंबकत्व कमीजास्त व्हावे लागते, म्हणजे बदल हवा. आपल्या डीपीत अशीच दोन वेटोळी असतात. आपल्याकडे येणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो, म्हणून बदल अखंड चालू असतो आणि तारेला तार न लागता वीज पलीकडच्या वेटोळ्यात उतरते.

तिसरा प्रश्न डायनॅमोचा. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला फॅरडे यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला आणि वीज निर्माण झाली. चुंबक नुसता आत ठेवला, तर काही नाही. २८ ऑक्टोबरला त्यांनी मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सलग प्रवाह मिळवला. जगातील पहिले जनित्र ते हेच. आता सायकलीचे उत्तर तुम्हीच द्या. चाक फिरते तोवर डायनॅमोतला चुंबक फिरतो आणि बदल चालू राहतो. चाक थांबले की बदल थांबतो आणि दिवा विझतो. जोरात पायडल मारले की उजेड का वाढतो, तेही यातून कळेल. आपल्या कोकणात पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे पाणी प्रचंड चाके फिरवते, तिथेही तत्त्व हेच. पायाऐवजी पाणी पायडल मारते, एवढाच फरक!

आणखी एक प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर हमखास येतो. विजा कडाडत असताना पत्र्याच्या बंद एस. टी. मध्ये बसलेला माणूस उघड्या मैदानातल्या माणसापेक्षा सुरक्षित कसा? १८३६ साली फॅरडे यांनी १२ फूट लांबी, रुंदी आणि उंचीचा धातूने मढवलेला पिंजरा केला, त्याला बाहेरून जबरदस्त विद्युतभार दिला आणि आपली उपकरणे घेऊन स्वतः आत जाऊन बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत मात्र विजेचा मागमूस नव्हता. विद्युतभार धातूच्या बाहेरच्या अंगावरच राहतो, हे त्यांनी असे सिद्ध केले.

रेडिओ किंवा पंखा दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलांनो, तुम्ही तर या माणसाचे नाव रोज घेता. छताच्या पंख्याचा कंडेन्सर मागताना अडीच मायक्रोफॅरडचा द्या, असे म्हणता ना? त्यातला फॅरड हा शब्द याच लोहाराच्या मुलाच्या नावावरून आला आहे. एवढेच नव्हे, तर १८३३ साली चांदीच्या एका संयुगात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. तापवल्यावर धातूंमधून वीज अधिक अडखळत जाते. पण या पदार्थातून ती अधिक सुलभ जाऊ लागली. त्याचे कारण त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. फॅरडे यांनी जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. असे पदार्थ आज अर्धवाहक म्हणून ओळखले जातात. १९४७ साली अर्धवाहकापासून ट्रान्झिस्टर तयार झाला आणि आपल्या खिशातला मोबाइल त्याच घराण्यातला आहे.

परंतु फॅरडे यांचे मोठेपण केवळ शोधांत नाही. ज्याला कुणीतरी उत्तर दिले होते, त्याने पुढे हजारोंना उत्तरे दिली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत. १८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी अशा १९ व्याख्यानमाला दिल्या. १८५५ साली तर राणीचे पुत्रही ऐकायला येऊन बसले होते. चांगले बोलता यावे म्हणून त्यांनी पूर्वी शिकवणी लावली होती. बोलण्याचा वेग वाढला, तर आठवण देणारा फलक साहाय्यकाने समोर धरावा, अशी व्यवस्थाही ते करीत. शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे, की उत्तम शिकवणे ही त्यांना जन्मजात मिळालेली देणगी नव्हती. ती त्यांनी कष्टाने कमावली.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध व्याख्यानमाला मेणबत्तीवरची. १८६० च्या नाताळात, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी मुलांपुढे सहा व्याख्याने दिली, तीही एका मेणबत्तीवर! घन मेण जळत नाही, ते वितळून वातीतून वर चढते. जसे टॉवेलचे टोक बादलीत राहिले, तर पाणी वर चढत जाते तसे. वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. पटत नसेल, तर वीज गेलेल्या रात्री वडीलधाऱ्यांना जवळ घेऊन करून पाहा. मेणबत्ती हळूच विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. वातीला स्पर्श न करता ज्योत धुरावरून खाली उडी मारील. ज्योतीच्या वर थंड चमचा क्षणभर धरा, त्यावर दमट धुके धरेल. आगीतून पाणी निघाले! फॅरडे मुलांना हेच शिकवीत. दिसले ते पाहा, असे का झाले ते विचारा, आणि मग तपासून पाहा.

ते अत्यंत धार्मिक होते. आपल्या छोट्या ख्रिस्ती पंथात त्यांनी वडीलधाऱ्याची जबाबदारी सांभाळली. पण श्रद्धेच्या नावाखाली चालणारी फसगत त्यांना मान्य नव्हती. १८५३ साली लंडनमध्ये टेबलाभोवती बसून आत्म्यांकडून टेबल हलवून घेण्याचे वेड पसरले. फॅरडे यांनी दोन फळ्यांमध्ये फिरते दांडे बसवून एक साधे उपकरण केले आणि टेबल आत्मा नव्हे, तर माणसांचेच हात नकळत ढकलतात, हे दाखवून दिले. चांगली शिकलेली माणसेही इतकी सहज भुलतात, याचे त्यांना दुःख झाले. गंडेदोरे आणि अंगात येण्याच्या प्रकारांनी आपल्याही वस्तीत किती घरे बुडाली, ते सांगण्याची गरज नाही. दीन आणि इल्म यांचे वैर नाही. आपल्याच इतिहासात बसऱ्याला जन्मलेल्या आणि कैरोत कार्य केलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी प्रकाशाचा अभ्यास प्रयोगाच्या आधारे केला. टॉलेमीसारख्या महान पंडिताच्या मतांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला. शंका विचारणे ही आपल्या बुजुर्गांची विरासत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. फॅरडे यांना उच्च गणित येत नव्हते. म्हणून गणित सोडले तरी चालेल, असा अर्थ काढू नका. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप दिले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, आणि तेव्हाच त्या कल्पनांचे पूर्ण सामर्थ्य जगाला कळले. १८५७ साली फॅरडे यांनी आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान असलेल्या मॅक्सवेल यांना पत्र लिहून विचारले, की गणितज्ञांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत काय? साठी ओलांडलेला जगद्विख्यात माणूस तरुणाला प्रश्न विचारतो, यात त्याला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला वर्गात हात वर करायला लाज का वाटावी?

मानसन्मान त्यांनी दूर ठेवले. सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. स्मरणशक्ती दगा देत होती, म्हणून प्रत्येक प्रयोगाची क्रमांक घालून नोंद ठेवली. त्या नोंदी सोळा हजारांच्या वर गेल्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हँप्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले. साध्या जीवनाला शोभेल असे त्यांचे दफनही साधेपणाने झाले.

पालकहो, फॅरडे यांना स्वतःचे मूल नव्हते. पण त्यांनी जगातील मुलांना उत्तरे दिली. आपल्याला अल्लाहने लेकरे दिली आहेत. दिवसभराच्या कष्टाने थकून आपण घरी येतो आणि मूल विचारते, अब्बा, हे असे का? तेव्हा गप्प बस, हे उत्तर सर्वांत सोपे असते. उत्तर येत नसेल, तर उद्या तुझ्या सरांना विचार आणि मलाही येऊन सांग, एवढे तरी म्हणा. घरातला मोठा भाऊ कमावता असेल, तर त्याने रॉबर्टचा शिलिंग आठवावा. आपल्या गॅरेजात किंवा दुकानात एखादा पोऱ्या असेल, तर मालकाने रिबोची आठवण ठेवावी आणि त्याला रात्रीच्या शाळेसाठी तासभर आधी सोडावे. यासाठी श्रीमंती लागत नाही.

आणि मुलांनो, तुमचे प्रश्न घेऊन या. विज्ञानाचे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे. आम्हाला उत्तर येत असेल ते सांगू, येत नसेल ते तुमच्याबरोबर शोधू. अल्लाह आपणा सर्वांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.